तीन लाखांचे बंगळूर

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोन दिवस सहकुटुंब बंगळूरला जाऊन आलो. मुलांचा बेत खाण्याचा होता, माझा इतिहासाचा. हे दोन्ही बेत हातात हात घालून चालतील, असे मात्र निघताना वाटले नव्हते.

पहिली सकाळ जुन्या पेठेत गेली. 1537 साली केंपेगौडाने हे नगर वसविले, तेव्हा दोड्डपेटे आणि चिक्कपेटे जेथे मिळतात त्या चौकातून चार दिशांना बैलांचे नांगर धरून रस्ते आखले, अशी आख्यायिका आहे. बळेपेटे बांगड्यांची, अक्किपेटे तांदळाची, अरळेपेटे कापसाची. गल्ल्यांच्या नावांत जुने व्यापार अजून नांदतात. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे येथे आले आणि पुढे हेच शहर त्यांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. बाल शिवाजीही काही काळ येथे वडिलांपाशी राहिले होते. राजांचा वाडा याच पेठेत होता असे सांगतात. पण कापडाच्या दुकानांच्या दाटीत त्याचा मागमूसही लागत नाही.

माझी कन्या महाराष्ट्राबाहेरच जन्मली आणि वाढली. तिने सहज विचारले, “बाबा, एवढी वर्षे आपले राज्य होते, मग आपले इथे राहिले काय?”

उत्तर सोपे नव्हते. 1664 साली शहाजीराजे निवर्तले. त्यांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, पुढे तंजावरला गेले आणि दूरचे बंगळूर सांभाळणे त्यांना जड होऊ लागले. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी तीन लाख रुपयांना विक्रीची बोलणी चालू असतानाच 1687 मध्ये मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले, आणि तेवढ्याच रकमेला ते म्हैसूरकरांच्या हाती गेले. एकोणपन्नास वर्षांच्या सत्तेचा हिशेब असा एका व्यवहारात मिटला.

दुपारी लालबाग रस्त्यावरच्या मावळ्ळी टिफिन रूम्समध्ये रांगेत उभे राहिलो. उडुपीकडून आलेल्या मय्या बंधूंनी 1924 मध्ये हा व्यवसाय मांडला. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, म्हणून येथे रव्याची इडली जन्मली असे सांगतात. संध्याकाळी गांधी बाजारात, 1943 पासूनच्या विद्यार्थी भवनात, एका हातावर डोशांच्या ताटल्यांची उतरंड तोलीत येणारा वाढपी पाहून चिरंजीव खाणेच विसरले! परगावाहून आलेल्या माणसांनी रांधलेले अन्न आज बंगळूरची ओळख झाले आहे, हे तेव्हा ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी मल्लेश्वरमला गेलो. 1898 च्या प्लेगनंतर ही वसाहत वाढली. पण तिला नाव देणारा काडु मल्लेश्वर, म्हणजे रानातला मल्लेश्वर, तिच्याहून कितीतरी जुना. हे देवालय एकोजींनी बांधले असे मानतात. जवळच्या खडकावर 1669 चा लेख आहे. मल्लपुराच्या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव एकोजींनी इनाम दिले, असा त्याचा आशय. लेख मराठीत नाही, कन्नडमध्ये आहे. मराठी राजाने आपले दान रयतेला कळेल अशा भाषेत कोरविले होते.

मी त्या खडकापाशी बराच वेळ उभा राहिलो. नोकरीच्या निमित्ताने चार प्रांतांत राहिलो. पण कोठल्याच प्रांताची भाषा मला बाजारहाटापलीकडे आली नाही. बदली होणारच आहे, मग शिकून काय करायचे, असे दर वेळी मनाला समजावीत आलो. एकोजींनाही एक दिवस बंगळूर सोडावेच लागले. तरी त्यांनी त्या मातीशी तिच्याच भाषेत बोलून ठेवले होते.

कन्येला म्हणालो, “तुझे उत्तर हे आहे. विकता आले ते गेले. दिले ते राहिले.”

आपल्या मंडळाने पन्नास वर्षे मराठी जपली, याचा अभिमान आपणा सर्वांनाच आहे. पुढच्या पन्नास वर्षांत शेजाऱ्याची भाषाही आपल्या घरात शिरावी, एवढीच इच्छा. परतीच्या गाडीत मुलांनी मला कन्नडमधले दहापर्यंतचे अंक शिकविले. पन्नाशी उलटल्यावर गिरविलेला हा पहिला धडा!