फ्रीज, पत्ता आणि जुनी पुस्तकं

न्यूयॉर्कच्या सोहो भागात क्रॉस्बी स्ट्रीट नावाची दगडी फरसबंदीची एक गल्ली आहे. तिथे १२६ नंबरला १९९६ साली जुन्या पुस्तकांचं एक दुकान सुरू झालं. गोल जिने, वर लाकडी गॅलरी, मागे कॉफीचा काउंटर. पुस्तकं लोकांनी दान दिलेली, दुकान सांभाळणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक. संध्याकाळी कधी लेखकांची वाचनं, कधी 'द मॉथ'च्या गोष्टी सांगायच्या स्पर्धा. काही जण तर जागा भाड्याने घेऊन लग्नंसुद्धा लावतात! आणि नफा सगळा 'हाउसिंग वर्क्स' या संस्थेला, म्हणजे एचआयव्ही असलेल्या बेघर लोकांच्या घरांसाठी आणि उपचारांसाठी.

आता मला पडलेले दोन साधे प्रश्न. आजाराशी लढणाऱ्या संस्थेच्या नावात 'हाउसिंग' कशाला? आणि तिने दुकान का थाटावं? देणग्या घ्याव्यात, सरकारी अनुदान घ्यावं, झालं की! उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं.

१९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेत एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद झाली. एझेडटी हे पहिलं औषध मंजूर व्हायला १९८७ चा मार्च उजाडला आणि त्याचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात. त्याच महिन्यात लेखक लॅरी क्रेमर यांच्या एका भाषणानंतर न्यूयॉर्कमध्ये 'अ‍ॅक्ट अप' ही आंदोलकांची संघटना उभी राहिली. औषधं लवकर द्या, स्वस्त द्या, ही तिची मुख्य मागणी. पण त्यातल्याच काही जणांच्या लक्षात आलं की अनेकांचं गाडं औषधाच्या आधीच अडतंय. राहायच्या जागेपाशी.

कारण आजारी माणसाची नोकरी जायची, मग भाडं थकायचं, मग घर जायचं. जोडीदार गेला आणि भाडेकरार त्याच्याच नावावर असला, तर मागे राहिलेल्याला घरमालक बाहेर काढू बघायचा. आपल्याकडच्या पागडीच्या जागेसारखंच तिथेही जुन्या भाड्याच्या घरांना संरक्षण होतं, पण ते कुटुंबीयांना. समलिंगी जोडीदार 'कुटुंब' कसा? १९८९ साली ब्राशी खटल्यात न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या कायद्यापुरता तोही कुटुंबच. मोठाच निकाल! पण ज्यांच्याकडे मुळात घरच नव्हतं, त्यांना त्याचा काय उपयोग? त्यांच्यासाठी महापालिकेचे निवारे. एकेका हॉलमध्ये शेकडो खाटा आणि क्षयाचा फैलाव. प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसाने तिथे झोपायचं.

म्हणून १९९० साली 'अ‍ॅक्ट अप'च्या घरांच्या समितीतल्या कीथ सायलर, चार्ल्स किंग, एरिक सॉयर आणि व्हर्जिनिया शूबर्ट यांनी 'हाउसिंग वर्क्स' सुरू केली. आधी नशा सोडा, मग घर, अशी अट बऱ्याच ठिकाणी असायची. यांनी ती उलटी केली. आधी घर, बाकीचं नंतर बघू.

हे नुसतं दयेपोटी नव्हतं. १९९६ मध्ये, दुकान उघडलं त्याच वर्षी, अनेक औषधं एकत्र देण्याची उपचारपद्धती आली आणि मरणाला टेकलेली माणसं उठून बसू लागली. पण त्यातल्या इंडिनाव्हिरच्या गोळ्या दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर घ्यायच्या. रिटोनाव्हिरच्या कॅप्सूल फ्रीजमध्ये ठेवायच्या. फुटपाथवर झोपणाऱ्याने फ्रीज आणायचा कुठून? आमच्या भाषेत सांगायचं तर घर ही औषधाची 'डिपेंडन्सी' होती. ती नसेल तर पुढचं काही चालतच नाही.

आता दुसरा प्रश्न, दुकानाचा. १९९४ मध्ये महापौर झालेल्या रूडी जुलियानींनी एड्स रुग्णांना मदत करणारा महापालिकेचा विभागच मोडीत काढायचा घाट घातला. हाउसिंग वर्क्सवाले रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. १९९७ मध्ये महापालिकेने संस्थेची कंत्राटं बंद केली. महापालिका म्हणाली, हिशेबात गोंधळ आहे. संस्था म्हणाली, हा सूड आहे. खटला २००५ पर्यंत चालला आणि शेवटी महापालिकेने सुमारे ४८ लाख डॉलर देऊन तडजोड केली. पण मधल्या आठ वर्षांत काय? सगळा डोलारा सरकारी पैशावर असता तर तो तेव्हाच कोसळला असता. जुने कपडे, जुनं फर्निचर, जुनी पुस्तकं विकून येणारा पैसा कितीही थोडा असो, तो कुणाच्या मर्जीचा नव्हता. दोन डॉलरच्या जुन्या कादंबरीत भांडायची मोकळीक होती, असं मला वाटतं.

सायलर २००४ साली गेले. दुकानदारीची सवय मात्र संस्थेने सोडली नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातलं पहिलं कायदेशीर गांजाचं दुकान उघडलं, तेही यांनीच! आणि सगळं गोडगोड होतं असंही नाही. २०१९ मध्ये संस्थेचेच कर्मचारी काम सोडून रस्त्यावर आले आणि २०२१ मध्ये त्यांनी युनियनच्या बाजूने मतदान केलं. आंदोलकांच्या संस्थेत आंदोलन! मला ते वावगं वाटलं नाही. भांडायला शिकवणाऱ्या घरात मुलं भांडणारच.

आपल्याकडे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. या आजारामुळे कुणाला घर भाड्याने नाकारणं हा त्यानुसार भेदभाव ठरतो. मुंबई-पुण्यात भाड्याचं घर शोधताना आडनाव, जेवण, लग्न असे सगळे प्रश्न आपण झेललेले असतात. त्यात हा एक प्रश्न मिसळून बघा. कायदा झाला, छान झालं. पण दार उघडायचं की नाही, हे अजून दाराच्या आतला माणूसच ठरवतो.