केडगावचे मुक्तिसदन आणि विभागप्रमुखांची घडण

विद्यापीठातील एखाद्या विभागाचे प्रमुखपद ज्याच्याकडे येते तो बहुधा चांगला अध्यापक किंवा संशोधक असतो. परंतु अंदाजपत्रक मांडणे, कामाची वाटणी करणे, सहकाऱ्यांतील मतभेद मिटविणे, वरच्या कचेरीशी पत्रव्यवहार ठेवणे ही कामे त्याने त्यापूर्वी कधी केलेली असतातच असे नाही. या पदासाठी माणूस तयार कसा करावा, हा प्रश्न आपल्याकडे फार उशिरा विचारला गेला. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची योजना आखली. परंतु तेथील उद्बोधनवर्ग आणि उजळणीवर्ग मुख्यतः अध्यापकांसाठी होते. शैक्षणिक नेतृत्वाचे स्वतंत्र शिक्षण देणारा ‘लीप’ हा केंद्र सरकारचा कार्यक्रम निघण्यास २०१८ साल उजाडावे लागले. मात्र विद्यापीठाच्या कक्षेबाहेर, एका खेड्यात, हाच प्रश्न त्यापूर्वी सव्वाशे वर्षे प्रत्यक्ष उभा राहिला होता आणि त्याचे अर्धे उत्तर तेथे सापडलेही होते. ते खेडे म्हणजे पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव, आणि ती संस्था म्हणजे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन.

रमाबाईंना (१८५८–१९२२) हा प्रश्न नवीन नव्हता. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्यात साक्ष देताना त्यांनी मुलींच्या शाळांसाठी प्रशिक्षित स्त्री-शिक्षिकांची मागणी केली आणि त्याबरोबरच शाळा तपासणाऱ्या अधिकारीही स्त्रियाच असाव्यात असे सांगितले. या दुसऱ्या मागणीचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. स्त्रियांनी शिकवावे, एवढे म्हणणारे सुधारक त्या काळी होते. स्त्रियांनी इतरांच्या कामाची तपासणी करावी, त्यावर अभिप्राय द्यावा, म्हणजेच अधिकार चालवावा, असे म्हणणारे विरळा. पुढे इंग्लंडमधील चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत असताना आणि संस्कृत शिकवीत असताना त्यांना डॉरोथिया बील यांचा कारभार जवळून पाहावयास मिळाला. बीलबाई त्या संस्थेच्या प्रमुखपदी १८५८ पासून १९०६ पर्यंत होत्या, आणि अध्यापिका तयार करण्यासाठी त्यांनी १८८५ मध्ये सेंट हिल्डाज ही वेगळी संस्था काढली, ती रमाबाईंच्या तेथील वास्तव्याच्याच काळात. अमेरिकेत रमाबाईंनी बालोद्यान-पद्धतीचा अभ्यास केला, स्त्रियांच्या संघटना पाहिल्या, आणि त्या देशाविषयीच्या आपल्या मराठी ग्रंथात (१८८९) स्त्रिया सभा व संस्था कशा चालवितात याचे वर्णन मोठ्या आस्थेने केले.

१८८९ च्या ११ मार्चला मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. विधवांना शिक्षण देऊन त्यांना शिक्षिका बनवावे, हा त्याचा हेतू होता. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून रानडे, भांडारकर आदी मंडळींचे सल्लागार मंडळ बाजूला झाले. हे प्रकरण वारंवार चर्चिले गेले असल्यामुळे त्याचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचा परिणाम एवढाच की, संस्थेच्या कारभाराला बाहेरून मिळणारा स्थानिक आधार गेला आणि जे काही चालवावयाचे ते आतल्याच माणसांनी चालवावयाचे, अशी स्थिती आली.

बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दिलेले दहा वर्षांच्या साहाय्याचे वचन १८९८ मध्ये संपणार होते. तत्पूर्वी सदन स्वावलंबी व्हावे म्हणून रमाबाईंनी त्या काळच्या भीमथडी तालुक्यात केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन फळबागेसाठी घेतली. योजना अशी शांतपणे चालली असता १८९६–९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या, इतक्यात पुण्यात प्लेग उद्भवला, आणि या सर्वांना केडगावच्या उघड्या शेतात नेण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्तिसदनाच्या इमारतीची पायाभरणी झाली. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळाने आणखी भर घातली आणि रहिवाशांची संख्या दीड हजारांच्या वर गेली.

मुक्तिसदनातील विभागप्रमुख तयार झाले ते या गर्दीतून. दीड हजार माणसांचे गाव एका बाईने एकटीने चालविणे शक्य नव्हते. शेती, विहिरी, गोठा, विणकाम, तेलाचा घाणा, शिवणकाम, स्वयंपाकघर, दवाखाना, बालोद्यान, शाळा, छापखाना अशी खाती एकामागून एक उभी राहिली. शिवाय पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध व असाहाय्य स्त्रियांसाठी प्रीतिसदन आणि अंध मुलींसाठी स्वतंत्र शाळा निघाली. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुलींवर दुष्काळातून आलेल्या मुलींच्या तुकड्या सोपविण्यात आल्या. काल जी शिकत होती ती आज पन्नास जणींचे खाणेपिणे, आजार, अभ्यास आणि भांडणे पाहू लागली. त्यांना कारभाराचा कोणताही अभ्यासक्रम दिला गेला नव्हता. आधी जबाबदारी आली आणि शहाणपण तिच्यामागून आले. ही पद्धत विचारपूर्वक आखलेली होती असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही; ती गरजेतून आली. पण तिचा एक गुण नाकारता येत नाही. खात्याची प्रमुख ही त्या खात्यातील काम स्वतः हाताने केलेली स्त्री असे, आणि जिच्यावर देखरेख करावयाची तिचे दुःख तिने स्वतः भोगलेले असे.

छापखाना हे याचे सर्वांत लक्षणीय उदाहरण. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, तेव्हा मराठीबरोबर त्या दोन लिप्यांचे खिळे जुळविण्याचे कामही येथील स्त्रियाच शिकल्या. साहाय्यक स्त्रियांना मूळ भाषा कळावी म्हणून रमाबाईंनी मराठीतून हिब्रूचे व्याकरणही रचले. विसाव्या शतकाच्या आरंभी एखाद्या मराठी खेड्यात स्त्रियांनी चालविलेले असे मुद्रणखाते ही साधी गोष्ट नव्हे. विद्यापीठीय विभागात आज ज्याला संशोधन-प्रकल्प म्हणतात त्याची बहुतेक अंगे, म्हणजे दीर्घ मुदत, श्रमविभाग, संहिताचिकित्सा आणि मुद्रितशोधन, तेथे होती.

उणीव राहिली ती वरच्या पायरीवर. खात्यांचे प्रमुख तयार झाले, पण खात्यांचा परस्परसंबंध, देणग्यांचा पत्रव्यवहार, जमिनीचा व्यवहार आणि अखेरचा निर्णय ही सूत्रे रमाबाईंकडेच राहिली. त्या स्थानासाठी त्यांनी एकाच व्यक्तीला रीतसर तयार केले, ती म्हणजे त्यांची कन्या मनोरमा (जन्म १८८१). तिची तयारी मात्र सर्वांगीण होती. इंग्लंड आणि अमेरिकेतील शिक्षण, पुढे मुंबई विद्यापीठाची पदवी, अंध मुलींना ब्रेल शिकविण्याचे काम, शारदा सदनाच्या शाळेचे मुख्याध्यापकपद, आणि निजामाच्या राज्यात गुलबर्गा येथे नवी शाळा काढून स्वतंत्रपणे संस्था उभारण्याचा अनुभव. या क्रमात अध्ययन, अध्यापन, एका विभागाचे प्रमुखपद आणि शाखेची स्थापना असे टप्पे स्पष्ट दिसतात. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई चाळीस वर्षांच्या वयात वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचेही निधन झाले. जी तयारी एकाच व्यक्तीच्या ठिकाणी साठविली होती ती नऊ महिन्यांच्या आत निरुपयोगी ठरली आणि संस्थेची सूत्रे परदेशी मिशनरी स्त्रियांकडे गेली.

याच्या शेजारी हिंगण्याचे उदाहरण ठेवले म्हणजे फरक उमगतो. शारदा सदनात अगदी आरंभी दाखल झालेल्या विधवांपैकी गोदूबाई ही एक. १८९३ मध्ये तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा शारदा सदनाचा अनुभव घरातच होता असे म्हणावयास हरकत नाही. परंतु कर्वे ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत काम करीत होते तिचे आजीव सभासद ठरावीक वर्षे अल्प वेतनावर सेवा देऊन सामुदायिक जबाबदारीने कारभार पाहात. ती कल्पना त्यांनी स्त्री-कार्यकर्त्यांकडे वळविली. १९०८ मध्ये त्यांनी निष्काम कर्ममठ स्थापन केला. संस्थेला वाहून घेणारी माणसे तयार करणे हाच त्याचा प्रधान उद्देश होता. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमात प्रथम शिकल्या, मग त्याच आश्रमाच्या प्रमुख व्यवस्थापिका झाल्या, आणि १९१८ मध्ये निधी व अनुभव मिळविण्यासाठी अमेरिकेस गेल्या. मठ पुढे आश्रमातच विलीन झाला. त्याच्या कठोर शपथा फार थोड्यांना पेलल्या, हेही खरे. परंतु १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघाले तेव्हा ते चालविण्यास कर्व्यांखेरीज इतर माणसे होती.

या तुलनेत कर्व्यांचे सगळे बरोबर आणि रमाबाईंचे चुकले, असा निकाल देणे मात्र अन्यायाचे होईल. कर्व्यांच्या मागे पुण्यातील सुशिक्षित वर्गाचा एक भाग होता, आजीव सभासदत्वाची चालू परंपरा होती. रमाबाईंपासून तो वर्ग १८९३ मध्येच दुरावला होता. शिवाय हिंगण्याने निवडून आणि मोजून माणसे घेतली, केडगावने दुष्काळाने टाकून दिलेली सर्व घेतली. ज्या संस्थेत रोज दीड हजार पाने वाढावयाची असत, तेथे दहा वर्षांनंतरच्या प्रमुखाचा विचार मागे पडणे स्वाभाविक आहे. विद्यापीठीय विभागांतही, पाने वाढण्याऐवजी परीक्षा आणि अहवाल असले तरी, नेमके याच कारणाने तो मागे पडत असतो.

रमाबाईंच्या पश्चात छापखान्याचे काम थांबले नाही. ज्या खात्यात प्रमुख आणि कामकरी स्त्रिया आधीच तयार होत्या त्या खात्याने भाषांतरित बायबलचे मुद्रण १९२४ मध्ये पूर्ण केले.