पत्ता बरोबर, तरी पान सापडत नाही : राउटिंगच्या चुकांचा थोडा इतिहास

संशोधनाला लागलात की कधी ना कधी स्वतःचं छोटं वेब ॲप बनवायची वेळ येते, सर्वेक्षणासाठी किंवा डेटा दाखवायला. माझ्यावरही आली. डोंगरकडा (ता. कळमनुरी, जि. हिंगोली) हे माझं गाव. तिथल्या शेतकऱ्यांनी आपापल्या विहिरीची पाणीपातळी मोबाइलवरून नोंदवावी, अशी कल्पना होती. प्रत्येक विहिरीची लिंक वेगळी, म्हणजे साइटच्या नावापुढे /विहीर/१२ असं काहीतरी. माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास चालत होतं. पहिल्या पावसाच्या तोंडावर लिंका व्हॉट्सॲपवर पाठवल्या आणि चार दिवस एकही नोंद आली नाही. शेवटी काकांचा फोन आला, "अरे, आपल्या विहिरीचा नंबर बारा ना? मग इथं ४०४ कसं दाखवतंय?"

पहिल्या पावसानंतर पाणी किती चढलं, ते त्या चार दिवसांतच मोजायचं होतं. तो डेटा गेला तो गेलाच.

चूक शोधताना मी आधी कोड तीनदा वाचला. कोडमध्ये काही चूक नव्हती. पत्ता नेमका कोण वाचतं, हेच मला कळलेलं नव्हतं, आणि ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

पोस्टापासून सुरुवात करू. एकाच नावाची अनेक गावं, पाकिटांवर वेगवेगळ्या लिप्या, त्यात अक्षर कुणाचं कसं! यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, केंद्राच्या दळणवळण खात्यातले अधिकारी (आणि संस्कृत कवीसुद्धा!). सहा आकड्यांची खुबी अशी, की ते सगळे एकाच माणसाने वाचायचे नसतात. हिंगोलीचा पिन ४३१५१३. मुंबईत टपाल वेगळं करणाऱ्याला हिंगोली कुठे आहे हे माहीत असायची गरज नाही. त्याने ४३१ पाहून पाकीट मराठवाड्याच्या थैलीत टाकायचं. शेवटचे तीन आकडे कोणत्या पोस्टाचे, ते पुढचा माणूस बघेल. म्हणून पाकीट चुकलं, तर ते कोणत्या टप्प्यावर चुकलं हेही विचारता येतं.

वेबवर सुरुवातीला असे टप्पे फारसे नव्हते. १९९१ च्या सुमारास टिम बर्नर्स-ली यांचं वेब लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा पत्त्यातला मार्ग म्हणजे बहुतेक वेळा सर्व्हरवरच्या फोल्डरमधली खरीखुरी फाइल असायची. फाइल नसेल तर ४०४, हिशेब साफ. पत्त्यात # असेल, तर त्यापुढचा भाग ब्राउझर स्वतःजवळ ठेवतो, सर्व्हरला पाठवतच नाही. पानातल्या एखाद्या ठिकाणी उडी मारण्यापुरताच तो होता.

२००४ मध्ये जीमेल आलं, २००५ मध्ये ‘एजॅक्स’ हे नाव रुळलं, आणि पान न बदलता आतला मजकूर बदलायला लागला. पण वरचा पत्ता तोच राहायचा. मागे जायचं बटण दाबलं की माणूस थेट साइटच्या बाहेर! मग लोकांनी # लाच जुंपलं. २०१० च्या नव्या ट्विटरच्या पत्त्यांत #! दिसायचं ते यामुळेच. फेब्रुवारी २०११ मध्ये गॉकरने आपल्या साइट याच पद्धतीवर नेल्या. जावास्क्रिप्ट अडली आणि सगळ्या साइट काही तास कोऱ्या! सर्व्हरकडे पत्ताच पोचत नव्हता, तो बिचारा काय मदत करणार?

त्याच सुमारास ब्राउझरांत पुशस्टेट आलं. आता सर्व्हरला न विचारता वरचा पत्ता हवा तसा बदलता येऊ लागला, # शिवाय, अगदी खऱ्या फाइलसारखा दिसणारा. रिॲक्ट राउटरसारखी साधनं याच पायावर उभी आहेत. आणि माझी चूकही.

बघा, पहिल्या पानावरून यादीतल्या विहिरीवर क्लिक केलं, तर /विहीर/१२ हा पत्ता जावास्क्रिप्ट बनवते आणि तीच वाचते. व्हॉट्सॲपवरून तीच लिंक उघडली किंवा पान रिफ्रेश केलं, तर पत्ता आधी सर्व्हर वाचतो, आणि त्याच्याकडे ‘विहीर’ नावाचं काहीच नाही. लॅपटॉपवरचा विकासासाठीचा सर्व्हर असा अनोळखी पत्ता आला की गुपचूप पहिलं पान देतो, त्यामुळे घरी ही चूक दिसतच नाही.

उपाय तुम्हाला कुठेही सापडेल : ओळखीचा नसलेला प्रत्येक पत्ता पहिल्या पानाकडे पाठवा. मी तेच केलं. आता ४०४ गेलं, पण पान पांढरंफटक, आणि कन्सोलमध्ये ‘अनपेक्षित <’ अशा अर्थाची तक्रार. ह्याने मात्र माझी अर्धी रात्र खाल्ली. स्क्रिप्टचा पत्ता मी नुसता ‘मेन.जेएस’ असा दिला होता. /विहीर/१२ वरून ब्राउझरने तो /विहीर/मेन.जेएस असा लावला. तशी फाइल नाही, मग सर्व्हरने नव्या नियमाप्रमाणे तिच्या जागी पहिलं पानच दिलं, वर २०० म्हणजे ‘सगळं ठीक’ असा शिक्काही मारला. ब्राउझर जावास्क्रिप्ट समजून एचटीएमएल वाचू लागला आणि पहिल्याच चिन्हाला अडखळला. पत्त्याच्या सुरुवातीला एक तिरकी रेघ दिली, काम झालं.

तेव्हापासून मी कोड उघडायच्या आधी ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडतो. पानाच्या विनंतीलाच ४०४ असेल, तर चूक सर्व्हरच्या हद्दीत. स्क्रिप्टच्या विनंतीला २०० आहे पण उत्तराचा प्रकार एचटीएमएल, तर वरचाच घोळ. दोन्ही नीट असून पान कोरं असेल, तेव्हाच राउटरमधले नमुने तपासायला बसा. (आवृत्तीही बघा. रिॲक्ट राउटरची २०२१ मधली सहावी आवृत्ती जुन्या धड्यांशी जुळत नाही.) आणि हो, सरसकट पहिलं पान देणाऱ्या सर्व्हरला /विहीर/९९९९ सुद्धा २०० च वाटतं. तिथे ‘अशी विहीर नाही’ हे तुम्हालाच लिहावं लागेल.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, पण सुरुवातीचा ४३१ तसाच राहिला. अलीकडे मी विहिरींची गटवार मांडणी केली, तेव्हा ते आठवलं. पत्ता आता /गट/३/विहीर/१२ असा आहे. जुन्या पत्त्याला नव्याकडे वळवणारी एक ओळ सर्व्हरवर ठेवली आहे, कारण काका अजून व्हॉट्सॲपवर मागे जाऊन तीच पहिली लिंक उघडतात.