पडद्याचा पांढरा रंग : कोल्हापूरच्या चित्रपरंपरेच्या संदर्भात एक विचार

मोबाईल व टॅबलेट यांच्या पडद्याने भोवतालच्या दिव्याप्रमाणे आपला पांढरा रंग बदलावा की तो स्थिर ठेवावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो. वस्तुतः इतिहासाच्या अभ्यासकाशी त्याचा निकटचा संबंध आहे. जुनी चित्रे, मोडी कागद व छायाचित्रे यांचे अवलोकन आज पुष्कळदा पडद्यावरच होते. आणि ज्या माध्यमातून पुरावा पाहावयाचा त्या माध्यमाची चिकित्सा करणे हा साधनचिकित्सेचाच एक भाग होय.

प्रकाशाला रंग असतो, ही गोष्ट चित्रकाराला शास्त्रज्ञाच्या आधीपासून ठाऊक होती. शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार असलेले आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी रंकाळा, कोटितीर्थ व त्यांच्या आसपासचा परिसर वारंवार चितारला. निसर्गचित्रात तलाव किंवा झाड यांच्याइतकाच त्या घटकेचा प्रकाश हाही चित्राचा विषय असतो. सकाळचे पाणी आणि सायंकाळचे पाणी यांतील भेद आकाराचा नसून प्रकाशाच्या वर्णाचा आहे. हा भेद विज्ञानाने ‘रंगतापमान’ या संज्ञेने मोजला. काळा पदार्थ तापवीत नेला असता तो प्रथम तांबूस, मग पिवळसर, पुढे पांढरा आणि अखेरीस निळसर प्रकाश देतो. त्या तापमानाचा केल्विनमधील आकडा म्हणजे त्या प्रकाशाचे रंगतापमान. मेणबत्तीचे रंगतापमान सुमारे १९००, तारेच्या विजेच्या दिव्याचे सुमारे २७००, तर भर दुपारच्या उन्हाचे सुमारे ५५०० केल्विन असते. आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळा, हे येथे ध्यानात ठेवावयाचे.

मानवी डोळा मात्र हा भेद बऱ्याच अंशी विसरवून टाकतो. कंदिलाच्या उजेडातही कागद पांढराच वाटतो, कारण डोळा त्या उजेडाशी जुळवून घेतो. या वर्णानुकूलनाचा गणिती विचार फोन क्रीस याने १९०२ मध्ये मांडला. छायाचित्रणाच्या फिल्मला ही शक्ती नव्हती, आणि येथेच कोल्हापूरच्या इतिहासातील एक बोधप्रद प्रकरण सुरू होते.

बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे मूळचे नाटकांचे पडदे रंगविणारे कलावंत. मूकपटांच्या आरंभकाळी सर्वत्र वापरात असलेली फिल्म निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनक्षम, परंतु तांबड्याला जवळजवळ आंधळी होती. तीवर निळे आकाश पांढरे व तांबडे वस्त्र काळे उतरे. डोळ्याला सुसंवादी दिसणारी रंगसंगती तेथे निरुपयोगी ठरे. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या १९२० मधील ‘सैरंध्री’पासून बाबूरावांनी जी वाटचाल केली, तीत रंगविलेल्या पडद्यांऐवजी घन नेपथ्याचा स्वीकार आणि चित्रीकरणाच्या वेळी निरनिराळ्या गाळण्यांचा उपयोग यांचा समावेश होतो. १९२३ मधील ‘सिंहगड’ची गणना तर कृत्रिम प्रकाशाचा उपयोग करणाऱ्या आरंभीच्या भारतीय चित्रपटांत होते. पुढे १९२९ मध्ये कोल्हापुरातच स्थापन झालेल्या प्रभात कंपनीने १९३३ मध्ये त्याच ‘सैरंध्री’ कथानकावर रंगीत चित्रपटाचा प्रयत्न केला. त्याची रंगीत छपाई जर्मनीत झाली. तथापि रंग समाधानकारक उतरले नाहीत.

या प्रकरणातून निघणारे तत्त्व असे, की प्रकाश आणि तो ग्रहण करणारे माध्यम यांची जुळवणी अटळ आहे. मात्र ती जाणूनबुजून केलेली असावी लागते. कोणती गाळणी लावली, कोणता दिवा वापरला, हे छायाचित्रकाराला ठाऊक असे. पुढील काळात रंगीत फिल्म दिवसप्रकाशासाठी निराळी व विजेच्या दिव्यासाठी निराळी विकली जाऊ लागली, आणि तिच्या वेष्टनावर तसा स्पष्ट उल्लेख असे. प्रमाणीकरणाची दिशाही हीच होती. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ मध्ये प्रमाण प्रकाश ठरविले. १९६४ मध्ये जड, मॅकॲडम व विझेत्स्की यांनी दिवसप्रकाशाच्या प्रत्यक्ष मोजणीवरून त्याचे स्वरूप निश्चित केले, आणि त्यातून सुमारे ६५०० केल्विनचा प्रमाण दिवसप्रकाश रूढ झाला. संगणकाच्या पडद्याचा पांढरा रंग सामान्यतः याच मापाचा धरला जातो. छपाईच्या व्यवसायात नमुना तपासण्यासाठी सुमारे ५००० केल्विनचा प्रकाश प्रमाण मानतात.

२०१६ मध्ये ॲपल कंपनीने ९.७ इंची आयपॅड प्रोमध्ये ‘ट्रू टोन’ नावाची योजना आणली. खोलीतील प्रकाशाचा रंग व तीव्रता मोजून पडदा स्वतःचा पांढरा रंग तदनुसार बदलतो. या योजनेमागील युक्तिवाद सहज डावलता येण्याजोगा नाही. कागद खोलीतील प्रकाशच परावर्तित करतो, म्हणून तो त्या खोलीशी एकरूप दिसतो. पडदा मात्र स्वतःच दिवा असतो. पिवळ्या दिव्याखाली बसलेल्या वाचकाचा डोळा त्या पिवळेपणाशी जुळलेला असल्याने ६५०० केल्विनचा पडदा त्याला निळसर भासतो. अशा पडद्याला कागदासारखे वागविणे वाचनाच्या दृष्टीने उचितच होय. मोडी पत्रातील अक्षरवळण लावताना पार्श्वभूमी किंचित पिवळी झाली तर काहीही बिघडत नाही.

रंग हाच जेव्हा पुराव्याचा विषय होतो, तेव्हा स्थिती पालटते. कागद कितपत पिवळा पडला आहे, समासातील मजकूर मूळ शाईत आहे की पुढे कोणी निराळ्या शाईत घातला आहे, चित्रावरील रोगणाने आकाशाचा निळा रंग कितपत झाकला आहे, हे प्रश्न रंगावरूनच सोडवावयाचे असतात. खोलीतील दिव्याने पिवळा झालेला पडदा कागदाच्या जुनेपणात आपली भर घालतो. यावर असा आक्षेप संभवतो, की मूळ चित्रही पिवळ्या दिव्याखाली पिवळेच दिसेल. आक्षेप खरा आहे. शिवाय पडदा सर्वच रंग एकत्र सरकवीत असल्याने एकाच चित्रातील दोन रंगांची परस्पर तुलना बरीचशी टिकते. परंतु संग्रहालयातील प्रेक्षकाला वरचा दिवा दिसत असतो, आणि पडद्याने केलेला फेरफार दिसत नाही. एक अभ्यासक दुपारी खिडकीजवळ व दुसरा रात्री दिव्याखाली तीच प्रतिमा पाहून निराळे वर्णन लिहितो, आणि दोघांच्याही टिपणात या भेदाचे कारण नोंदलेले नसते. दोष जुळवणीचा नसून नोंद नसलेल्या जुळवणीचा आहे.

याच वर्गात पुष्कळदा घातली जाणारी ‘नाईट शिफ्ट’सारखी योजना निराळी आहे. ती खोलीचा प्रकाश मोजीत नाही; घड्याळाप्रमाणे किंवा सूर्यास्तानंतर पडदा पिवळा करते, आणि तिचा हेतू झोपेचे रक्षण हा आहे. डोळ्यातील ज्या पेशी निळसर प्रकाशाने उत्तेजित होऊन शरीराच्या दैनिक चक्रावर परिणाम घडवितात, त्यांच्या प्रकाशसंवेदनेचा पुरावा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी प्रकाशमान पडद्यावर वाचन केल्याने झोप लांबते, असे २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात आढळले. तथापि २०२१ मधील दुसऱ्या अमेरिकन अभ्यासात पडदा केवळ पिवळा केल्याने तरुणांच्या झोपेत सुधारणा दिसली नाही. यावरून पडद्याची तीव्रता व वापराचा काळ यांकडे दुर्लक्ष करून केवळ रंगावर भिस्त ठेवणे योग्य ठरत नाही.

सारांश, या प्रश्नाचे उत्तर कार्यपरत्वे द्यावे लागते. अक्षर वाचावयाचे असेल तेव्हा पडद्याने खोलीशी जुळवून घ्यावे. रंगाचा निर्णय करावयाचा असेल तेव्हा ट्रू टोन व नाईट शिफ्ट या दोन्ही योजना बंद ठेवाव्यात, खोलीचा प्रकाश स्थिर असावा, आणि पडदा व प्रकाश यांची स्थिती टिपणात नमूद करावी. प्रतिमा घेतानाच मूळ वस्तूशेजारी प्रमाण रंगपट्टी ठेवली असेल, तर पुढील अभ्यासकाला पडताळ्याचे साधन मिळते. आबालालांच्या चित्रातील सायंकाळ ही चित्रकाराची असावी, पाहणाऱ्याच्या टेबलावरील दिव्याची नसावी. एवढा विवेक राखला तरच पडद्यावरील अवलोकनाला पुराव्याची योग्यता येईल.