प्रतिजैविकाची गोळी कुटून देण्यापूर्वी

पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश, तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग अशा विकारांमध्ये रुग्णाला अन्न व औषध गिळणे कठीण होते. वैद्यकीय परिभाषेत या अवस्थेस ‘डिस्फेजिया’ असे म्हणतात. अशा रुग्णाला जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविकाची गोळी खलबत्त्यात कुटून पाण्यातून देण्याची पद्धत अनेक घरांमध्ये आढळते. मात्र प्रत्येक गोळी कुटण्याजोगी नसते. चुकीची गोळी कुटल्यास औषध निष्प्रभ ठरू शकते किंवा रुग्णाला अपाय होऊ शकतो. यास्तव गोळी कुटण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारणे आवश्यक आहे.

आवरणाचे कार्य

काही गोळ्यांवरील आवरण केवळ कडवटपणा झाकण्यासाठी असते. काहींचे आवरण मात्र औषधाचे जठरातील आम्लापासून रक्षण करते. एरिथ्रोमायसिन हे आम्लात नष्ट होणारे औषध असल्याने त्याची आम्लरोधक आवरणाची गोळी कुटल्यास औषधाचा मोठा भाग वाया जातो.

तिसरा प्रकार औषध सावकाश सोडणाऱ्या गोळ्यांचा. क्लॅरिथ्रोमायसिन व सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधे साध्या आणि दीर्घ परिणामाच्या अशा दोन्ही स्वरूपांत तयार होतात. दीर्घ परिणामाची गोळी कुटल्यास दिवसभराची मात्रा एकदम शरीरात जाते आणि पुढील मात्रेपूर्वीच रक्तातील प्रमाण घटते. गोळीच्या नावापुढील ‘एसआर’, ‘एक्सआर’, ‘ईआर’, ‘एक्सएल’, ‘सीआर’ ही अक्षरे या प्रकाराची खूण समजावी. ‘ओडी’ असे लिहिले असल्यासही चौकशी करावी. गोळीवर मधोमध रेघ असली म्हणजे ती कुटता येते, असा अर्थ होत नाही.

आधी पर्यायांचा विचार

अनेक प्रतिजैविके पातळ स्वरूपात, पाणी घालून तयार करावयाच्या कोरड्या सिरपच्या रूपात किंवा पाण्यात विरघळणाऱ्या ‘डीटी’ गोळ्यांच्या रूपात मिळतात. तथापि हा बदल परस्पर करू नये. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक आम्लाच्या ६२५ मिलिग्रॅमच्या गोळीत या दोन घटकांचे प्रमाण अनुक्रमे ५०० व १२५ मिलिग्रॅम असते. २२८.५ मिलिग्रॅमच्या सिरपमध्ये ते दर ५ मिलिलिटरला २०० व २८.५ मिलिग्रॅम असते. म्हणजेच दोहोंतील गुणोत्तर वेगळे असल्याने मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी लागते. सेफ्युरॉक्झिमची गोळी व सिरप ही समान मिलिग्रॅम असूनही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. शिवाय या गोळीची पूड अतिशय कडू लागते.

तयार केलेले सिरप प्रत्येक वेळी हलवून द्यावे, वेष्टनावरील सूचनेप्रमाणे ठेवावे आणि मुदत संपताच टाकून द्यावे.

दूध, लोह आणि अन्ननलिका

सिप्रोफ्लॉक्सासिन दुधातील कॅल्शियमशी, तसेच लोह व आम्लनाशक औषधांशी बांधले जाते व पुरेसे शोषले जात नाही. म्हणून त्याची पूड दुधात किंवा दह्यात कालवू नये. लोह, कॅल्शियम व आम्लनाशक औषधांच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर ते द्यावे. नळीवाटे द्रव आहार चालू असल्यास आहाराची व औषधाची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

डॉक्सिसायक्लिन अन्ननलिकेत अडकल्यास तेथे व्रण पडू शकतो. त्याची कॅप्सूल उघडून कोरडी पूड तोंडात टाकू नये. हे औषध रुग्णाला बसवून द्यावे व त्यानंतर किमान अर्धा तास त्याला आडवे होऊ देऊ नये.

पूड करण्यास अनुमती मिळाल्यास

• स्वच्छ खलबत्त्यात एका वेळी एकाच औषधाची बारीक पूड करावी. दोन औषधे एकत्र कुटू नयेत.
• पूड कालवताच औषध द्यावे. भांड्यात थोडे पाणी घालून, विसळून, तेही द्यावे. अन्यथा मात्रेचा काही भाग भांड्यातच राहतो.
• वाटीभर पेजेत पूड मिसळू नये. रुग्णाने अर्धी वाटी टाकल्यास औषधही अर्धेच पोटात जाते.
• ज्या रुग्णास घट्ट द्रवच देण्याचा सल्ला आहे, त्यास पूड पातळ पाण्यातून देऊ नये. ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो.
• नाकातील नळीवाटे औषध देताना आधी व नंतर नळी पाण्याने धुवावी. प्रौढांसाठी साधारणतः १५ ते ३० मिलिलिटर पाणी वापरतात. औषध आहाराच्या पिशवीत मिसळू नये.
• पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने त्या गटातील गोळी कुटू नये. हवेत उडालेली पूडही तिला बाधू शकते.

मात्रा अपुरी पडल्यास

अपुऱ्या मात्रेमुळे संसर्ग बळावतो आणि औषधाला दाद न देणारे जंतू तग धरून राहतात. प्रतिजैविकांच्या अनिर्बंध विक्रीस आळा घालण्यासाठी भारतात १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूची लागू झाली. औषधाच्या वेष्टनावरील लाल रेघेचा अर्थ जनतेस समजावा म्हणून २०१६ मध्ये मोहीमही सुरू करण्यात आली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये, असा त्या रेघेचा अर्थ आहे.

गिळता येत नाही म्हणून औषध मध्येच बंद करणे हाही उपाय नव्हे. रुग्णास गिळताना ठसका लागत असेल किंवा गोळी तोंडातच राहत असेल, तर चिठ्ठी लिहून घेतानाच डॉक्टरांना तसे सांगावे. गरज पडल्यास ते औषधाचे स्वरूप बदलून देतात किंवा इंजेक्शनचा पर्याय निवडतात.