आदामाचे पतन आणि मराठी ओवी

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. बायबलमधील सृष्टीच्या उत्पत्तीची आणि आदाम-एवा यांच्या पतनाची कथा त्यामुळे मराठी ओवीत सविस्तर अवतरली. इंग्रजीतील प्रसिद्ध ‘किंग जेम्स’ बायबल त्यापूर्वी अवघी पाच वर्षे म्हणजे १६११ मध्ये प्रसिद्ध झाले होते, तर याच कथेवरील मिल्टनचे ‘पॅराडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य प्रकाशित होण्यास अद्याप एक्कावन्न वर्षे अवकाश होता. मात्र स्टीफन्सपुढील प्रश्न केवळ भाषेचा नव्हता. ज्याचे कर्म त्याला, असे मानणाऱ्या श्रोत्यांना पहिल्या पूर्वजाच्या अपराधाचा वारसा साऱ्या मानवजातीकडे आला, हे सांगायचे होते. हा विचार त्या श्रोत्यांनाच काय, खुद्द मूळ कथेलाही काहीसा परका आहे.

‘उत्पत्ति’ हा बायबलचा पहिला ग्रंथ. त्यात सृष्टीची दोन आख्याने एकापुढे एक येतात. पहिल्यात देव सहा दिवसांत केवळ शब्दाने विश्व निर्माण करतो, सहाव्या दिवशी स्त्री व पुरुष घडवितो आणि सातव्या दिवशी विसावतो. दुसऱ्यात तो कुंभाराप्रमाणे मातीचा मनुष्य करून त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. हिब्रू भाषेत ‘आदाम’ म्हणजे मनुष्य आणि ‘अदामा’ म्हणजे जमीन. मातीचा माणूस हा श्लेष मुळातच आहे. एदेन बागेतील बऱ्यावाईटाच्या ज्ञानाच्या झाडाचे फळ खाऊ नये एवढाच निर्बंध असतो, आणि सर्पाच्या बोलण्याला भुलून तो मोडला जातो. स्त्रीच्या वाट्याला प्रसूतिवेदना व पुरुषाच्या वाट्याला घामाची भाकर येते. बागेतून घालवून देण्यापूर्वी देव दोघांसाठी चामड्याची वस्त्रे करतो, हा तपशील मात्र सहसा विसरला जातो.

या तिसऱ्या अध्यायात ‘पाप’ हा शब्दच नाही. तो प्रथम येतो चौथ्या अध्यायात, काइन आपल्या भावाचा वध करण्याच्या बेतात असतो तेव्हा. ‘पतन’ हा शब्दही येथे आढळत नाही. सर्प हा सैतान होय, असेही मूळ कथा सांगत नाही; ती ओळख नंतरच्या काळातली. सफरचंदाचा तर मागमूसही नाही. लॅटिनमध्ये ‘वाईट’ आणि ‘सफरचंद’ या अर्थांचे शब्द जवळजवळ सारखे असल्याने पश्चिम युरोपात हे फळ सफरचंद ठरले, असे सामान्यतः मानले जाते. ज्यू तालमुदातील पंडितांनी द्राक्ष, अंजीर, इतकेच नव्हे तर गव्हाचाही पर्याय सुचविला होता.

पतनाचा सिद्धांत घडला तो नंतरच्या भाष्यांतून. एका मनुष्यामुळे पाप आणि पापामुळे मृत्यू जगात आला, असे संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले. त्यावरून उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन (३५४ ते ४३०) यांनी आदिपापाची कठोर मांडणी केली. आदामाचा दोष जन्माबरोबरच प्रत्येकाला चिकटतो आणि मनुष्य स्वबळावर त्यातून सुटू शकत नाही, हे तिचे सार. पेलागियस या तपस्व्याने मनुष्याची इच्छाशक्ती स्वतंत्र असल्याचा पक्ष घेतला. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने त्याचे मत निषिद्ध ठरविले. हा वाद केवळ पंडितांपुरता राहिला नाही. बाप्तिस्म्यापूर्वी दगावलेल्या अर्भकाचे काय होते, या प्रश्नाने शतकानुशतके आईबापांना छळले. ऑगस्टीनचे उत्तर निष्ठुर होते. पुढे ‘लिम्बो’ या मधल्या अवस्थेची कल्पना निघाली. अशा बालकांच्या मुक्तीची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे, असे व्हॅटिकनच्या धर्मतत्त्व आयोगाने म्हटले ते २००७ मध्ये. स्त्रीजातीवर लादलेला प्रथम दोषाचा ठपकाही याच कथेच्या भाष्यपरंपरेतून आला.

त्याच कथेचे इतर वारसदार या निष्कर्षाला पोहोचले नाहीत. ज्यू धर्मपरंपरा प्रत्येकाच्या ठायी सत्प्रवृत्ती व दुष्प्रवृत्ती दोन्ही मानते, जन्मजात अपराध मानत नाही. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चच्या मते आदामापासून मृत्यूचा वारसा मिळाला, अपराधाचा नव्हे. कुराणात आदामाच्या पत्नीचे नावही येत नाही आणि दोषाचा भार तिच्या एकटीवर नाही. दोघे चुकतात, क्षमा मागतात आणि आदामाचा पश्चात्ताप स्वीकारला जातो. प्रकरण तेथेच मिटते.

भारतीय परंपरेत सृष्टीविषयक कल्पना अनेक आहेत. ऋग्वेदातील नासदीय सूक्त तर सृष्टी कशी झाली हे तिच्या अध्यक्षालाही ठाऊक असेल की नाही, अशी शंका व्यक्त करते. कृतयुगापासून कलियुगापर्यंत धर्माचा ऱ्हास होतो, पण तो कालचक्राचा भाग असतो. त्याला कोणी एक अपराधी नसतो. एदेनच्या कथेशी अधिक जवळीक आहे ती पाली ‘दीघनिकाया’तील ‘अग्गञ्ञ सुत्ता’ची. त्यात आरंभीचे जीव स्वयंप्रकाशी असून आकाशात संचार करतात. त्यांपैकी एक जण बोटाने पृथ्वीचा रस चाखतो, इतर त्याचे अनुकरण करतात. शरीरे जड होतात, प्रकाश मावळतो. पुढे साठेबाजी, चोरी आणि अखेरीस राजा. येथेही पतन खाण्यापासूनच सुरू होते, पण आज्ञाभंग नाही, कारण आज्ञा देणाराच नाही. आहे ती तृष्णा.

अशा भूमीत स्टीफन्स १५७९ मध्ये उतरले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत गोव्यातच राहिले. त्यांचे कार्यक्षेत्र असलेल्या सासष्टीत १५६७ मध्ये देवळे पाडली गेली होती आणि धर्मांतरितांना जुन्या पोथ्यांची मनाई होती. पूर्वीची पुराणे बंद केलीत तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही, असा प्रश्न ‘क्रिस्तपुराणा’तील ब्राह्मण श्रोता विचारतो. ग्रंथाच्या जन्माचे कारण या एका प्रश्नात आहे, आणि पोथ्या हिरावून घेतल्याची कबुलीही. स्टीफन्सनी ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी उचलली, गुरु-श्रोत्यांच्या संवादाची पौराणिक चौकट घेतली, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ शब्द वापरला. भाषा मराठी, तिच्यात कोंकणीची मिसळ. मराठीची त्यांनी केलेली स्तुती पाठ्यपुस्तकांनी सर्वतोमुखी केली. ज्या कथेसाठी ती भाषा वापरली गेली, तिच्याकडे मात्र क्वचितच कोणी वळते.

ग्रंथाची रचना पाहता पतनकथेचे स्थान स्पष्ट होते. पहिल्या पुराणात उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतचा भाग ३६ अवस्वरांत येतो. दुसऱ्या, ख्रिस्तचरित्राच्या पुराणाला ५९ अवस्वर आहेत. आदामाचे पतन ही येथे प्रस्तावना आहे. पापाचे ओझे सांगायचे ते उतरविणारा येणार आहे म्हणून. पुराणांतील अवतारकथेतही पृथ्वीला भार होतो आणि मग देव येतो. सासष्टीच्या श्रोत्याला हा आकृतिबंध अनोळखी नसावा. मिल्टनने १६६७ मध्ये नेमके उलट केले. दृष्टी गमावलेल्या या कवीने पतनालाच महाकाव्याचा विषय केला, आणि त्याचा आदाम फसत नाही, तर एवाच्या प्रेमापोटी जाणूनबुजून फळ खातो. काव्य म्हणून ही उंची स्टीफन्सच्या पतनकथेला लाभलेली नाही.

‘क्रिस्तपुराणा’च्या १६४९ व १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांतून. त्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीत आवृत्ती काढली. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती पुण्यात प्रसिद्ध झाली १९५६ मध्ये, मूळ छपाईनंतर तब्बल ३४० वर्षांनी.