चुकीच्या वाचनाचे घर : मासेरचा व्हिला बार्बारो

ग्रंथावरून ग्रंथ होतात. ग्रंथावरून घर क्वचितच होते. इटलीच्या व्हेनेतो प्रांतात मासेर येथे, टेकडीच्या पायथ्याशी, १५५० च्या दशकात असे एक घर उभे राहिले. मालक दोघे भाऊ : दानिएले बार्बारो धर्माधिकारी आणि पंडित, मार्कान्तोनियो व्हेनिसचा मुत्सद्दी. दानिएले तेव्हा व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुतज्ज्ञाचा लॅटिन ग्रंथ इटालियनमध्ये आणत होता. १५५६ साली हा सटीक अनुवाद निघाला. त्यासाठी आकृत्या काढल्या आंद्रेआ पलाडिओने, आणि घराचा आराखडाही त्याचाच.

घर समोरून पाहताच देवळाची आठवण होते. मधल्या दुमजली वास्तूला चार आयोनिक अर्धस्तंभ, वर त्रिकोणी शिखर. माणसाच्या घराला देवाच्या घराचे कपाळ कशासाठी? वास्तुकलेवरील आपल्या १५७० च्या ग्रंथात पलाडिओ उत्तर देतो : माणसाने आधी घर बांधले, मंदिराने आपले रूप त्याच्याकडून घेतले, तेव्हा प्राचीनांच्या घरांनाही असेच शिखर असणार. तर्क सुबक आहे. पण अठराव्या शतकात पॉम्पेईचे उत्खनन सुरू झाले आणि तिथली घरे निघाली ती रस्त्याकडे पाठ करून आतल्या चौकाकडे तोंड केलेली! अनुवादाच्या वहीत आम्ही चुकीखाली लाल रेघ मारतो. मासेरपुढे ती कुठे मारावी, हे आम्हाला ठरवता येत नाही.

अर्थात हे निव्वळ पांडित्याचे घर नव्हे. व्हेनिसचे सरदार त्या काळी समुद्रव्यापारातला पैसा जमिनीत घालू लागले होते. म्हणून दोन्ही बाजूंना शेतीच्या कामासाठी कमानींच्या ओवऱ्या आहेत आणि त्यांच्या टोकांना कबुतरखाने. मागच्या टेकडीतल्या झऱ्याचे पाणी आधी कुंडात, मग स्वयंपाकघरात, तिथून बागेत आणि शेवटी फळझाडांना, असा त्याचा प्रवास पलाडिओ मोठ्या आवडीने सांगतो.

आतल्या भिंतींविषयी मात्र अवाक्षर नाही. १५६० च्या सुमारास तिथे पाओलो व्हेरोनेझेने चित्रे काढली. उंचावरच्या रंगवलेल्या सज्जातून मार्कान्तोनियोची पत्नी जुस्तिनियाना म्हाताऱ्या दाईसह खाली पाहते. जिथे दार नाहीच, तिथे अर्धवट उघडलेल्या दारातून एक लहान मुलगी डोकावते. इतर काही घरांच्या चित्रकारांची नावे पलाडिओ आवर्जून देतो, म्हणून हे मौन खुपते. काही अभ्यासक त्यात नाराजी वाचतात आणि आम्हालाही ते पटते. मोजूनमापून उभारलेल्या भिंतीत दुसऱ्याने अशी दारे उघडलेली कोणत्या वास्तुकाराला रुचतील?